शांततेचा जामीन कोणी द्यायचा?

समीक्षा करायची ती पुस्तकांची, अशी आपल्याकडे समजूत आहे. कथा, कविता, आत्मकथन हाती आले की आपण लेखणी उचलतो. पण आपल्या वस्तीतल्या माणसांच्या आयुष्यावर ज्या मजकुराचा पुस्तकांहून अधिक परिणाम झाला, तो पोलीस ठाण्यात आणि तहसील कचेरीत लिहिला जातो. त्यालाही लेखक असतो, शैली असते, ठराविक पात्रे असतात, आणि बहुधा शेवटही आधीच ठरलेला असतो. असा एक कागद माझ्या कपाटात आहे. त्याचे वाचन मला आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

कागद आहे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खालचा. महाराष्ट्रात त्याला कोणी कलमाच्या आकड्याने ओळखत नाही. 'चॅप्टर केस' म्हणतात. 'त्याच्यावर चॅप्टर टाकला' एवढे म्हटले की सगळ्यांना समजते. १८९८ च्या संहितेचे आठवे प्रकरण शांतता राखण्यासाठी आणि चांगल्या वर्तणुकीसाठी घ्यायच्या जामिनाचे होते, त्यावरून हे नाव पडले. १९७३ च्या संहितेतही ते आठवेच राहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात ते नववे झाले आणि कलम १०७ चे १२६ झाले. आकडे बदलले, तरतुदीचा गाभा आणि लोकांच्या तोंडचे नाव तेच राहिले.

प्रसंग काही वर्षांपूर्वीचा. मी ज्या गावात शिकवत होतो तेथे बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्याने निघाली. देवळासमोर ती अडवली गेली. दगड आले. एका पोराचे डोके फुटले. त्याच रात्री आम्ही ठाण्यात गेलो. अक्षर बरे म्हणून तक्रार मी लिहिली. तक्रारीची नोंद अदखलपात्र म्हणून झाली, आणि पंधरा दिवसांनी नोटिसा आल्या. त्यांच्यापैकी पाच, आमच्यापैकी पाच. माझे नाव दुसरे होते.

मी मराठीचा शिक्षक. सवयीने भाषा तपासली. 'सदर इसम भांडखोर प्रवृत्तीचा असून त्याच्यापासून गावातील शांततेस धोका पोहोचण्याची दाट शक्यता आहे' असे एक वाक्य होते. शेजारच्याची नोटीस पाहिली, तेच वाक्य. दहाही नोटिसांत नावे तेवढी वेगळी. दगड मारणारा आणि ज्याचे डोके फुटले त्या पोराचा बाप, दोघांचे व्यक्तिचित्र एकच! एखाद्या कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आपण त्याला माणसे कळत नाहीत असे म्हटले असते. येथे मात्र त्याला 'निःपक्षपाती कारवाई' म्हणतात. त्या सबंध कागदात 'दोन गटांत वैमनस्य' होते, 'तणाव' होता, 'शक्यता' होती. दगड मात्र कोठेच नव्हता.

हा कायदा शिक्षेचा नाही, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. गुन्हा घडला म्हणून शिक्षा होते. येथे गुन्हा घडेल असे वाटले म्हणून हमी मागतात. कोणी व्यक्ती शांतताभंग करण्याचा किंवा ज्यामुळे शांतताभंग होईल असे गैरकृत्य करण्याचा संभव आहे अशी माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला मिळाली, तर तो त्या व्यक्तीला कारण दाखवायला सांगतो : एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचे बंधपत्र तुझ्याकडून का घेऊ नये? बंधपत्रात रक्कम असते. जामीनदार मागता येतो. हमी दिली नाही तर ती देईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कैद होऊ शकते. आणि हे सगळे चालते न्यायाधीशापुढे नव्हे, तर महसुली अधिकाऱ्यापुढे. जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे तर दंडाधिकाऱ्याचे हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यालाच असतात. माहिती देणारा पोलीस आणि ऐकणाराही पोलीस.

या कायद्याचे मूळ इंग्लंडात आहे. राजा तिसरा एडवर्ड याच्या काळातल्या १३६१ च्या कायद्याने शांतता-न्यायाधीशांना अशी हमी घेण्याचा अधिकार दिला. आज कॅनडातही अशी तरतूद आहे. तेथे ज्याला दुसऱ्यापासून इजेची रास्त भीती वाटते तो स्वतः न्यायालयात जाऊन त्या दुसऱ्याकडून शांततेचे बंधपत्र मागू शकतो. म्हणजे भ्यालेला माणूस अर्जदार असतो. आपल्या कलमातही 'माहिती मिळाल्यास' एवढेच शब्द आहेत. माहिती कोणीही देऊ शकतो, आपणही देऊ शकतो. पण आपल्या गावात भ्यालेला माणूस अर्ज घेऊन गेला की तोच सामनेवाला होऊन परत येतो. असे का होते, याचे उत्तर मला त्या कागदातल्या तीन शब्दांत सापडले. ते शब्द म्हणजे शांतता, लौकिक आणि जामीनदार.

पहिला शब्द शांतता. गावात शांतता असते ती कधी? जेव्हा महारवाड्यातला, मांगवाड्यातला माणूस वेशीच्या आत खाली मान घालून वावरतो तेव्हा. पाणी मागायचे पण भरायचे नाही, मजुरी घ्यायची पण ठरवायची नाही, जयंती करायची पण आपल्या गल्लीत, तोपर्यंत गाव अगदी शांत असते. बहिष्कार टाकला तरी शांतता भंगत नाही. दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळून देत नाही, कोणी कामाला बोलावत नाही, आणि सगळे कसे चिडीचूप. शांतता भंगते ती बहिष्कृत माणूस बोलू लागला की. या मुक्या हत्याराला गुन्हा म्हणणारा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१६ चा. तो अमलात आला २०१७ साली. तोवर कितीतरी पिढ्या या शांततेत उपाशी राहिल्या.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्यानंतर मारहाण झाली. मारणाऱ्यांपैकी काहींना शिक्षाही झाली. पण डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची तयारी झाली तेव्हा सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला, आणि तो अस्पृश्यांच्या पुढाऱ्यांविरुद्ध होता. तो बंधपत्राचा कागद नव्हता हे खरे. पण रीत तीच. पाणी पिणाऱ्याचा हात धरा, म्हणजे मारणाऱ्याला मारावे लागणार नाही! तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले.

याला कायद्यातच उत्तर आहे, आणि ते आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असायला हवे. १८८२ साली इंग्लंडात सॅल्व्हेशन आर्मीच्या मिरवणुकांवर विरोधक चालून येत. दंडाधिकाऱ्यांनी मिरवणूक काढणाऱ्यांकडूनच शांततेची हमी घेतली. बीटी विरुद्ध गिलबँक्स या खटल्यात वरच्या न्यायालयाने तो आदेश रद्द केला. माझे कृत्य कायदेशीर असेल, तर ते पाहून दुसरा बेकायदा वागेल एवढ्यावरून माझे कृत्य बेकायदा ठरत नाही, असे ते तत्त्व आहे. आपल्या कलमातही 'गैरकृत्य' हा शब्द आहे. सार्वजनिक रस्त्याने जाणे हे गैरकृत्य नाही. देवळासमोरून निळा झेंडा नेणे हेही नाही. नोटिशीला उत्तर देताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : माझे गैरकृत्य कोणते?

दुसरा शब्द लौकिक. याच प्रकरणात सराईत गुन्हेगाराकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याचे कलम ११० होते, नव्या संहितेत ते १२९ आहे. त्यात हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत जाते. माणूस सराईत किंवा घातकी आहे हे कशाने सिद्ध करायचे? इतर पुराव्याबरोबर त्याच्या सर्वसाधारण लौकिकाच्या पुराव्यानेही करता येते, असे कायदा म्हणतो. १३६१ च्या कायद्यातही माणसाच्या बऱ्यावाईट नावाचा उल्लेख होताच. आता आपण विचारले पाहिजे की गावात लौकिक तयार कोण करतो? पोलीस पाटील, सरपंच, सोसायटीचा चेअरमन, चावडीवर बसणारे चार लोक. ज्या समाजांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच चोर ठरवले, त्यांचा लौकिक त्यांच्या जन्माआधीच लिहून झाला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. लौकिक कोणी रद्द केला नाही.

येथे आपले साहित्य साक्षीला येते. अण्णा भाऊंच्या 'फकिरा'त (१९५९) हजेरी आहे, लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) पोलिसांचा ससेमिरा आहे. या पुस्तकांची चर्चा आपण शौर्य, दारिद्र्य, वेदना या अंगांनी पुष्कळ केली. माझ्या मते त्यांचे आणखी एक कार्य आहे. सरकारी दप्तराने लिहिलेल्या लौकिकाविरुद्ध दिलेला तो जबाब आहे. ठाण्याच्या कागदात ज्याला 'सदर इसम' म्हटले जाते त्याला येथे आई असते, भूक असते, हसू असते. आत्मकथनांवर 'एकाच साच्याची' असा आरोप करणाऱ्या समीक्षकांनी एकदा पोलिसांचे इस्तगासे वाचून पाहावेत. खरा साचा त्यांना तेथे सापडेल.

लौकिकाचे हे हत्यार कोणाच्या हाती आहे, हेही पाहू. १९७३ च्या संहितेत कलम ११० चे काम प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे होते. १९८० च्या दुरुस्तीने ते कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेले. त्याच वर्षी गोपालनाचारी खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या कलमाच्या वापराबद्दल कठोर इशारा दिला. गरिबाला संशयावरून डांबण्यासाठी ते वापरले जाऊ नये, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या कसोटीला ते उतरले पाहिजे, असा त्याचा रोख होता.

तिसरा शब्द जामीनदार. दंडाधिकाऱ्याने काढायच्या लेखी आदेशात बंधपत्राची रक्कम, मुदत आणि जामीनदारांची संख्या लिहावी लागते. जुन्या संहितेत त्याबरोबर जामीनदारांचे 'चारित्र्य आणि वर्ग' असेही शब्द होते. वर्ग! कायद्याने इतके उघड क्वचितच बोलावे. नव्या संहितेत ते शब्द जाऊन जामीनदाराची पुरेशी ऐपत आणि योग्यता आली. आमच्या बाबतीत याचा अर्थ काय झाला ते सांगतो. कारकुनाने सातबारा असलेला जामीनदार आणा म्हणून सांगितले. वस्तीत सातबारा कोणाच्याच नावे नव्हता. मग सातबारावाला आणायचा कोठून? ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली त्यांच्याच आळीतून! म्हणजे ज्याने दगड मारला त्याच्या काकाच्या ओसरीवर जाऊन 'आमच्यासाठी जामीन राहा' म्हणून हात जोडायचे. त्यांच्या पाच जणांना दहा मिनिटांत पाच जामीनदार मिळाले. त्या दिवशी मला कळले की बलुतेदारीचा हिशोब अजून मिटलेला नाही.

१९१६ साली याच प्रकरणाखाली लोकमान्य टिळकांकडून त्यांच्या स्वराज्याच्या भाषणांबद्दल चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली होती. वीस हजारांचे बंधपत्र आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि आदेश रद्द झाला. ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगतात, सांगावीच. पण दुसरीही सांगावी. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या जामिनासाठी दंडाधिकाऱ्याने दहा हजारांची रक्कम लावली आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार नाकारला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की गरिबाच्या बाबतीत असे वागणे न्याय्य नाही. ते प्रकरण जामिनावर सुटण्याचे होते, बंधपत्राचे नव्हते. पण ऐपतीचा फास दोन्हीकडे एकच आहे. टिळकांना जिना मिळाले. गवंड्याला दिल्लीपर्यंत जावे लागले. आमच्या वस्तीला तहसीलच्या पायरीपुढे वाट नव्हती.

तर मग हे प्रकरणच फाडून टाकावे काय? मधू लिमये यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला होता. १९७० साली घटनापीठाने प्रकरण घटनाबाह्य ठरवले नाही, पण त्याला कुंपण घातले. मिळालेल्या माहितीचा सारांश लेखी आदेशात आलाच पाहिजे, आणि माहितीच्या खरेपणाची चौकशी सुरू झाल्याखेरीज अंतरिम बंधपत्र मागता येणार नाही. मला स्वतःला असे वाटते की हे हत्यार नुसते नाकारून चालणार नाही, कारण ते आपल्यासाठीही आहे. कलम ११० च्या यादीत अन्नभेसळ, जकात वगैरे कायद्यांबरोबर १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदाही घातलेला होता, आणि नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने तो नव्या कलमातही आहे. म्हणजे वारंवार अस्पृश्यता पाळणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येतो. आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १७ तर स्पष्टच आहे. अनुसूचित जाती-जमातींबाहेरची व्यक्ती किंवा गट अत्याचार करण्याचा संभव आहे असे दिसले, तर अधिकाऱ्याने तो भाग अत्याचारप्रवण जाहीर करावा आणि शांतता व चांगल्या वर्तणुकीसाठी कारवाई करावी. त्यासाठी हेच आठवे प्रकरण लागू केलेले आहे. पण तेथे भ्यालेला कोण आणि भिववणारा कोण, हे कायद्याने आधीच ओळखलेले आहे. 'दोन्ही गट' ही भाषा तेथे बसत नाही. म्हणूनच ते कलम कचेरीतल्या कोणाला आठवत नाही आणि १०७ मात्र तोंडपाठ असते. मी तहसीलदारांना कलम १७ बद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात, वाढवू नका." शिकलेल्या माणसाने काय करावे याची त्यांची कल्पना त्या एका वाक्यात आली.

हे वाक्य मला ओळखीचे वाटले, कारण साहित्यातही मी ते ऐकत आलो आहे. दलित कविता आली तेव्हा प्रस्थापित समीक्षेने तिच्याकडून काय मागितले? संयम, तोल, अभिरुची, सर्व मानवजातीविषयी करुणा. चांगल्या वर्तणुकीची हमीच ती! कवितेने आधी हमी द्यायची, मग तिला कविता म्हणायचे. त्या समीक्षेतही 'दोन्ही बाजूंचा द्वेष' होता आणि दगड नव्हता. १९७२ साली 'गोलपिठा' आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. प्रस्तावना लिहिणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अशा वाचकांबद्दल, ज्यांनी ती प्रस्तावना जामीनपत्रासारखी वापरली. नामदेव ढसाळांच्या शब्दाला सातबारा नव्हता, म्हणून त्यांना ऐपतदार जामीनदार हवा होता. आज आपले तरुण लेखक पुरस्कारासाठी, अभ्यासक्रमात लागण्यासाठी स्वतःहून असे बंधपत्र लिहून देऊ लागले आहेत, असे मला काही लेखन वाचून वाटते. कोणी मागायच्या आतच ते सही करतात. हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही. मीही सही केलेली आहे.

होय, पहिल्याच तारखेला मी सही केली. नोकरीत रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते, चौकशी लागली तर काय, ही भीती होती. कायद्याचे पुस्तक माझ्या पिशवीत होते, आणि मी सही केली. जामीनदार म्हणून एक सहकारी शिक्षक उभा राहिला. वस्तीतल्या आणखी तिघांनी माझ्याकडे पाहून अंगठे दिले. त्यांचे जामीनदार कोणाच्या ओसरीवरून आले ते वर सांगितलेच आहे. पाचवे होते आबा. सगळे आयुष्य सालगडी म्हणून गेलेले. ते तहसीलदारांना म्हणाले, "सायेब, म्या काय केलं ते आधी लिवा, मंग अंगठा मागा."

ज्या तरुण वकिलाने फी न घेता त्यांचे काम पाहिले त्याने मधू लिमये खटल्याचा दाखला दिला : चौकशी सुरू करा, साक्षीदार आणा, उलटतपास होऊ द्या, तोवर अंतरिम बंधपत्र मागू नका. चौकशी सुरू झाली. आबा दर तारखेला मजुरी बुडवून आले. साक्षीदार पोलीस एकदाही आला नाही. अशी चौकशी सहा महिन्यांत पुरी व्हावी लागते. विशेष कारण लिहून मुदत वाढवली नाही तर कारवाई आपोआप संपते. आबांची संपली. रक्कम अवाजवी असू नये असेही कायदा सांगतो, आणि हमीचा आदेश झालाच तर सत्र न्यायालयात अपील आहे. हे सगळे मला माहीत होते. आबांना यातले काही माहीत नव्हते. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, आणि सबंध प्रकरण त्या प्रश्नाच्या आधारावरच उभे आहे.

माझे बंधपत्र एक वर्षाचे होते. त्या वर्षात पुढची जयंती आली. मी घरी बसलो. शांतताभंग झालाच तर रक्कम आणि नोकरी दोन्ही जातील, असा हिशोब मी केला. मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. आबा झेंडा घेऊन पुढे होते असे पोरांनी सांगितले. देवळासमोर ढोल काही वेळ मोठ्याने वाजला, दगड आला नाही. मी खिडकीतून आवाज तेवढा ऐकला.

तो कागद मी जपून ठेवला आहे. वर्गात निबंध शिकवताना कधीकधी तो मुलांना वाचून दाखवतो आणि विचारतो, यात काय लिहायचे राहून गेले आहे? मागच्या बाकावरची पोरे लगेच सांगतात. कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना, माझ्यासारख्या शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे. असा कागद हाती आला तर सही करण्याआधी तो वाचा, आणि त्यात दगड कोठे आहे ते विचारा.